टनांचा हिशेब आणि लाटांचा

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘दोन महायुद्धांमधली जहाजबांधणी : लढाऊ आणि व्यापारी’. व्यापारी भागाकडे येतोच. आधी वजनाबद्दल बोलू द्या. त्या वीस वर्षांत जहाजाचा आराखडा समुद्र बघून कमी आणि तराजू बघून जास्त निघाला, असं माझं ठाम मत आहे.

6 फेब्रुवारी 1922 चा वॉशिंग्टन करार, मोठ्या नौदलांच्या जहाजांना मर्यादा घालणारा. युद्धनौकेला 35,000 टन, क्रूझरला 10,000 टन आणि 8 इंची तोफ, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. पण टन मोजायचे कसे? माणसं, दारूगोळा, शिधा धरायचा. इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी सोडायचं. आता इंधनाच्या टाक्या असतात तळाशी. म्हणजे जहाजाला खाली धरून ठेवणारं वजन हिशेबाबाहेर, आणि डेकवरची तोफ मात्र पै-पैसा मोजलेली!

मग टन वाचवायचे कुठे? सांध्यात. रिव्हेट, म्हणजे तापवून ठोकायचा खिळा, मारायचं तर दोन पत्रे एकमेकांवर चढवावे लागतात किंवा मागून पट्टी द्यावी लागते. शिवाय रिव्हेटांची डोकी. पोरगा भट्टीतून लालभडक रिव्हेट काढून देणार, दुसरा ते भोकात घालणार, तिसरा मागून जड ठोकळा दाबून धरणार, पुढून दोघे ठोकणार. थंड होताना रिव्हेट आखडतं आणि पत्रे आवळतं. भोकं जुळली नाहीत की रीमर फिरवून भोक मोठं करा. शेवटी हातोडीने वाजवून बघायचं: आवाज बद्द आला की रिव्हेट ढिलं, काढा आणि पुन्हा मारा. वेल्डिंगमध्ये पत्रा पत्र्याला टोकाला टोक लागतो, वरचढ पत्रा वाचतो. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्साय कराराने जर्मनीला घातलेल्या 10,000 टनांच्या मर्यादेत 11 इंची सहा तोफा बसवायला जर्मनांनी ‘डॉइचलँड’ वेल्डिंगवर आणि डिझेलवर बांधली. तरी वजन मर्यादेबाहेर गेलंच. 1931 साली कीलला तिचं जलावतरण होतं. चॅन्सेलर ब्र्यूनिंग बोलत होते, तेवढ्यात जहाज आपणच घसरून पाण्यात उतरलं. भाषण लांबलं की काय होतं, हे अध्यक्ष महाराजांनी मला आत्ताच चिठ्ठीने कळवलंय.

पण खरी गोष्ट जपानची. 1930 च्या लंडन करारात 600 टनांखालच्या जहाजांना मर्यादा नव्हती. जपानने तिथेच बोट घातलं. चिदोरी वर्गाची टॉर्पेडो बोट: आराखड्यात 535 टन, त्यावर 5 इंची तीन तोफा आणि चार टॉर्पेडो नळ्या. तुलना करा. फुबुकी वर्गाची विनाशिका 1,680 टनांची, आणि तिच्यावर तोफा सहा. एक तृतीयांश जहाजावर अर्ध्या तोफा! चाचणीत वळताना चिदोरी धोकादायक कलली, म्हणून बाजूंना फुगवटे लावले. गुरुत्वमध्य होता तिथेच राहिला. 12 मार्च 1934 ला, ताब्यात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, ‘तोमोझुरू’ सासेबोजवळ वादळात उलटली. 113 पैकी 13 वाचले. मग तोफा हलक्या केल्या, टॉर्पेडो नळ्या निम्म्या केल्या आणि तळाशी बॅलास्ट, म्हणजे तोल राखणारं जड वजन, भरलं. आपल्या जुन्या तांडेलांचा शब्द नीरम. नीरम कमी पडलं तर काय होतं हे त्यांना कोणत्याही कराराशिवाय ठाऊक होतं.

पुढच्याच वर्षी, 26 सप्टेंबर 1935 ला, जपानी नौदलाचा चौथा ताफा टायफूनमध्ये सापडला. ‘हात्सुयुकी’ आणि ‘युगिरी’ या दोन विनाशिकांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, ब्रिजच्या पुढून तुटून गेली. मजबुतीच्या हिशेबात लाटेची उंची तिच्या लांबीच्या विसाव्या हिश्श्याइतकी धरायची पद्धत होती. त्या दिवशी ती दहाव्या हिश्श्यापर्यंत गेली. कागदावर 8,500 टनांच्या ‘मोगामी’ क्रूझरचेही वेल्ड तडकले. त्याआधी तोफांच्या चाचणीतच तिचा सांगाडा वाकून तोफांचे बुरूज अडकले होते.

ठपका आला वेल्डिंगवर. थोडा रास्तही होता. वेल्ड थंड होताना आकसतो. मधून कडेकडे क्रमाने गेलं नाही तर ताण पत्र्यात कोंडून राहतो. त्यात जपानचं उच्च-मॅंगनीज ड्यूकॉल पोलाद वेल्डिंगला वाईट. शिवाय रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेला थांबतो, वेल्डिंगच्या जहाजात पुढच्या पत्र्यात शिरतो. पण मुळात पत्रा इतका पातळ केला कोणी? त्याचं उत्तर न शोधता जपानने मुख्य सांगाड्यात वेल्डिंगला आळा घातला, आणि ‘यामातो’ ही युद्धनौका बांधली ती मुख्यतः रिव्हेटवर.

पाच मिनिटं उरली म्हणताय. बरं, व्यापारी जहाजं.

मालवाहू जहाजात वाचलेलं पोलाद म्हणजे जादा माल, तेव्हा वेल्डिंग तिथे आधी जिंकायला हवं होतं. इंग्लंडमधल्या बर्कनहेडची, पूर्ण वेल्डिंगची छोटी ‘फुलागर’ 1920 सालीच पाण्यात उतरली होती. पण मंदीत मागणीच नाही, तर नवी यंत्रं कोण घेणार? ‘क्वीन मेरी’ या प्रवासी जहाजाला एक कोटीहून जास्त रिव्हेट लागले, आणि डिसेंबर 1931 ते एप्रिल 1934 ती स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवर अर्धवट उभी होती. 1930 मध्ये ब्रिटिश यार्डमालकांनी कंपनीच काढली, यार्ड विकत घेऊन बंद करायला. त्या जागेवर चाळीस वर्षं जहाज बांधायचं नाही, अशी अट. इंग्लंडमधल्या जॅरो गावचं पामर्स यार्ड असंच गेलं, आणि 1936 मध्ये तिथले 200 बेकार काम मागायला पायी लंडनला निघाले.

आपल्याकडे? सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघाली, तीही 1891 सालची, इंग्लंडमधल्या बॅरोत बांधलेली जुनी बोट. वालचंद हिराचंदांच्या विशाखापट्टणमच्या यार्डाची कोनशिला बसली जून 1941 मध्ये, म्हणजे माझ्या विषयाची मुदत संपल्यावर. ‘जलउषा’ तिथून उतरली 1948 ला. तिच्याबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी चहाच्या टेबलापाशी भेटा.