सरळ विचारा, लिहून घ्या

(सांगलीत पालक आणि शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मागची ती फडफडणारी ट्यूब बंद करता येईल का? मला काही नाही, पण त्या कोपऱ्यातल्या मुलानं मघापासून कानांवर हात धरलेत. हां, झालं. थँक्यू.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘स्वमग्न किशोरवयीन मुलांमधले आत्महत्येचे विचार आणि घरची सुरक्षा योजना’. स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेली मुलं. योजनेवर येतेच, पण आधी माझं एक जुनं गाऱ्हाणं ऐका. तुम्ही इथे आपणहून आलाय, म्हणजे उठून जाणार नाही असं धरते.

लग्नकार्यात कुणीतरी आत्या येते, आपल्या पोराला न्याहाळते आणि म्हणते, “अगंबाई, कळतसुद्धा नाही हो याला ऑटिझम आहे ते!” आपली कॉलर ताठ. इतक्या वर्षांच्या थेरपीचं चीज झालं! पण त्या पोराला विचारा त्यासाठी काय मोजावं लागलं. काकांच्या डोळ्यांत बघायचं, हात हलवायचे नाहीत, विनोद कळला नाही तरी सगळे हसले की हसायचं, बँड कानाशी वाजत असला तरी पाटावर बसायचं. रात्री घरी आल्यावर तो बाथरूमचं दार लावून तासभर आत बसतो, आणि आपण म्हणतो, “कार्यालयात तर छान होता, घरीच नाटकं करतो.” नाटक कार्यालयात चालू होतं हो, घरी पडदा पडला!

हसताय, हसा. मीही क्लास घेऊन ‘डोळ्यांत बघून बोल’ शिकवणाऱ्यांच्या पंगतीत बसते, त्यामुळे हा आहेर मलाही आहे. पण हे गाऱ्हाणं विषयाला धरूनच आहे. ब्रिटनमध्ये सेरा कॅसिडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ३७४ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. या सगळ्यांना अ‍ॅस्पर्गरचं, म्हणजे ऑटिझमच्याच एका प्रकाराचं, निदान मोठेपणी झालं होतं. त्यांतल्या ६६ टक्के लोकांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचं सांगितलं. ही माणसं निदानासाठी दवाखान्यात आलेली, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना लावू नका. पण त्यांचं किशोरवय कसं गेलं असेल याचा अंदाज करा. कॅसिडी आणि सहकाऱ्यांच्याच २०१८ च्या अभ्यासात दोन गोष्टींचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध दिसला : स्वमग्नपण लपवत जगणं आणि हवी ती मदत न मिळणं. म्हणजे ज्याचं आपण कौतुक करतो, तेच त्याला आतून पोखरत असू शकतं. आणि चेहरा हसरा असल्यामुळे बाहेरून काही कळत नाही, ते वेगळंच.

आता एका मुलाची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नववीतला मुलगा, पिनकोडचं वेड. तुम्ही गाव सांगा, तो पिन सांगणार. सांगली ४१६४१६ हा त्याचा लाडका, कारण ४१६ दोनदा येतो. हा मुलगा जेवेना, आणि पिनकोडची वहीही उघडेना. आवडीचा विषय सुटला की मी सावध होते. रडण्यापेक्षा हे लक्षण मला जास्त घाबरवतं. आईनं एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आपल्या सभ्य मराठीत विचारलं, “स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का?” मुलानं विचार केला आणि म्हणाला, “बरं करून घ्यायचंय. वाईट नाही.” कागदावर ‘नाही’ अशी नोंद झाली.

माझ्याकडे आला तेव्हा मी बोललेच नाही. वहीत लिहिलं : मरून जावं असा विचार तुझ्या मनात येतो का? हो, नाही, कधीकधी. त्यानं ‘हो’ वर खूण केली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘रोज. ७.१० ला. बस पाण्याच्या टाकीपाशी वळते तेव्हा.’ टाकीपाशी मागच्या बाकावरची पोरं चढायची. त्याला पिनकोड म्हणायला लावायची आणि मोबाइलवर चित्रण करून हसायची. कित्येक महिने! घरी का नाही सांगितलं? कुणी विचारलंच नव्हतं. “शाळेत कसं वाटतं?” असं विचारायचे, आणि त्याला जे वाटायचं त्याला नाव देता यायचं नाही. स्वमग्न मुलांत हे पुष्कळदा आढळतं. पोटात काय होतं, झोप किती वाजता मोडते, बस कुठे आली की नको होतं, हे मात्र ती अचूक सांगतात. दुसऱ्या दिवसापासून वडील त्याला स्कूटरवर सोडायला लागले, शाळेत तक्रार गेली, आणि उपचार नीट सुरू झाले ते त्यानंतर.

विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरतं, ही भीती काढून टाका. तसं होत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय.

चिठ्ठी आली, ‘पाच मिनिटं’. बघा, बोलायला आले त्यालाच वेळ उरला नाही. भराभर सांगते.

सुरक्षा योजना मूल शांत असताना लिहायची, त्याच्याच शब्दांत. त्याला चित्रं हवीत तर चित्रं, तक्ता हवा तर तक्ता. धोका वाढतोय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा काय केल्यानं बरं वाटतं, कुणाला सांगायचं. नेहमीच्या नमुन्यात ‘मित्राला फोन करा’ असतं. ज्याला मित्र नाही, ज्याला फोनची धास्ती आहे, त्यानं काय करायचं? तिथे ‘आईला लाल बदामाचा मेसेज’ चालेल. हात हलवणं, जड गोधडी, अंधारी खोली यांना बंदी नको. घरातली औषधं आणि शेतीची औषधं कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नका. आणि मूल सपाट आवाजात, चेहऱ्यावर काही न दिसता बोललं तरी ते खरंच धरा.

टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही. आधी भाषा निवडावी लागते, तिथेच आपली मुलं अडतात; म्हणून एकदा शेजारी बसून लावून दाखवा. आमचा पठ्ठ्या नंबर ऐकल्याबरोबर म्हणाला, “यात ४१६ आहे. लक्षात राहील.”

पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतं. शिक्षा नाही, उलट उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. कसं आणि कधी हे मुलानं ठरवलेलं दिसलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ नाहीतर सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग. जाताना हेडफोन आणि योजनेचा कागद बरोबर घ्या, आणि डॉक्टरांना सांगा, प्रश्न सरळ विचारा, उत्तराला वेळ द्या.

अध्यक्ष उभे राहिले. प्रश्न कागदावर लिहून पुढे पाठवा, नाव घालू नका. ज्यांच्या घरी ही गोष्ट आजचीच आहे, त्यांनी चहाला थांबू नका, डाव्या दारापाशी मला लगेच भेटा.