फेकून द्यायची पट्टी

ही गाय बघा. ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडचा १९७० सालचा अल्बम, ‘ॲटम हार्ट मदर’. कव्हरवर कुरण आणि गाय, बास. ना बँडचं नाव, ना अल्बमचं. आता टोकियोतल्या दुकानदाराने हे गिऱ्हाइकाला काय म्हणून विकायचं?

त्याची सोय जपानी प्रतीच्या या डाव्या कडेला आहे. कागदाची उभी पट्टी, ओबी. चिकटवलेली नाही, कव्हरला नुसती वेढलेली. तिच्यावर बँडचं नाव काताकाना लिपीत, खाली चार कांजी अक्षरांत जपानी नाव, ‘गेन्शी शिन्बो’. शिवाय रेकॉर्डचा क्रमांक, येनमधली किंमत, आणि कंपनीने ठोकून दिलेलं एक वाक्य: पिंक फ्लॉइडची वाट हीच प्रोग्रेसिव्ह रॉकची वाट! मूळ चित्रावर एक अक्षरही न छापता सगळी जाहिरात उरकली.

रेकॉर्ड घरी आली की पट्टीचं काम संपलं. दर वेळी कव्हर काढा-ठेवायचं, त्यात ती घडीवर फाटायची. पुष्कळांनी तर पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकली. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतल्या रेकॉर्डसोबत ओबी शाबूत असली की भाव एकदम चढतो. काही दुर्मिळ प्रतींत तर तबकडीपेक्षा पट्टीचेच पैसे जास्त पडतात. कागदाच्या तुकड्याला एवढे पैसे? वेडेपणाच आहे, पण त्याला थोडा आधारही आहे: पट्टीवरून प्रत कधीची, याचा अंदाज येतो.

जपानमध्ये नव्या रेकॉर्डची किंमत कंपनीच ठरवते, त्यामुळे ती पट्टीवर बिनधास्त छापता येते. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सीबीएस/सोनी या कंपनीच्या पहिल्या सीडी आल्या, त्यांतल्या अनेकींचे क्रमांक ‘३५ डीपी’ने सुरू होतात. ३५ म्हणजे ३,५०० येन. पुढे एप्रिल १९८९मध्ये ३ टक्के उपभोग कर लागला आणि पट्टीवर कराचा उल्लेख येऊ लागला. त्यामुळे कराचा उल्लेख नसलेली सीडीची ओबी दिसली, की जाणकार ती बहुधा त्याआधीची धरतात. पट्टी सुटीच असते, तेव्हा एका प्रतीची दुसरीवर चढवणं हा हातचा मळ. म्हणून मुरलेला संग्राहक आधी पट्टीवरचा क्रमांक तबकडीवरच्या क्रमांकाशी ताडून बघतो. नव्याने छापलेल्या नकला विकणारेही आहेतच.

आता तर जुन्या एलपी रेकॉर्डचं कव्हर सीडीच्या मापात हुबेहूब काढतात. त्यातल्या काहींना जुन्या ओबीचीही चिमुकली प्रतिकृती असते, आणि तिच्यावर आजच्या किमतीची दुसरी, खरी ओबी. दोन्हींपैकी एक जरी हरवली, तरी जुन्या बाजारात सीडीचा भाव उतरतो.