ही होडी कोणती? काठावरच्या जुन्या डिंगीची ओळख पटवताना

(दृश्य: पत्र्याची शेड. ताडपत्री ओढली जाते.)

खडकवासल्याच्या पाण्यापासून थोडं वर, या शेडमध्ये एक शिडाची डिंगी लाकडी घोड्यांवर पालथी पडून आहे. शीड नाही, डोलकाठी नाही, कागदपत्रं नाहीत. जागा मोकळी करायची वेळ आली की करवत आधी अशाच होडीवर चालते, कारण ती कुठली हे सांगायला कुणी उरलेलं नसतं. ओळख पटण्याआधी होडी तोडू नये आणि घासूही नये. पॉलिश पेपरच्या दोन हातांत सगळ्या खुणा निघून जातात. टेप, ओळंबा, टॉर्च आणि ट्रेसिंग पेपर, एवढं पुरे.

(दृश्य: नाळेवरून सोडलेला ओळंबा.)

सुरुवात लांबीपासून. टेप तळाच्या गोलाईवरून धरली की माप हमखास जास्त येतं. म्हणून गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीनं होडी आधी समपातळीत आणायची. मग नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या भागाच्या, टोकावरून आणि मागच्या सपाट फळीवरून, म्हणजे ट्रान्समवरून, ओळंबे सोडायचे, जमिनीवर खडूनं खुणा करायच्या आणि त्या खुणांमधलं अंतर घ्यायचं. सुकाणूच्या बिजागऱ्या त्यात धरायच्या नाहीत. इथं भरले 4.04 मीटर, म्हणजे 13 फूट 3 इंच.

रुंदी 1.60 मीटर. हे माप जास्त फसवतं. मधलं आडवं बाक कुणी काढलेलं असेल तर बाजू फाकतात किंवा आत येतात. बाक जागेवर आहे का, हे बघूनच रुंदीवर भरवसा ठेवायचा.

आता ताळा. जीपी 14 ही डिंगी 4.27 मीटरची. 23 सेंटिमीटरची चूक टेप करत नाही, ती बाद. फायरबॉल 4.93 मीटर, तिची नाळही पुढून बोथट, तीही बाद. ओके डिंगी मात्र 4.00 मीटर, फक्त 4 सेंटिमीटरचा फरक. इथं नुसत्या लांबीवर निकाल देता येत नाही. पण ओके एकट्यानं चालवायची होडी, तिच्या डोलकाठीला ताणाच्या तारा नसतात. इथं दोन्ही बाजूंना तारा अडकवायच्या चेनप्लेट आहेत. शिवाय ओके रुंदीला 1.42 मीटरच.

(दृश्य: तळावरून फिरणारा हात.)

हा हात पाहा. मधल्या कण्यापासून काठापर्यंत येताना प्लायला दोन कोन लागतात, दोन्ही बाजूंना तसेच. यालाच डबल चाइन म्हणतात. माप, चेनप्लेट आणि हे दोन कोन एकत्र धरले की नाव एकच उरतं: एंटरप्राइज.

जॅक होल्ट यांनी 1956 साली न्यूज क्रॉनिकल या वर्तमानपत्रासाठी ती आखली. प्रसिद्धीसाठी दोन एंटरप्राइज रात्रीतून इंग्लिश खाडी पार करून गेल्या. लोकांनी घरी सुटे भाग आणून मरीन प्लायमध्ये ती बांधली, त्यामुळे आतली मांडणी होडीगणिक वेगळी दिसते. ओळखताना आकारावर विसंबावं, कड्या-कप्प्यांवर नाही. 1982 च्या आशियाई स्पर्धेत आपल्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकलं ते मात्र वर बाद केलेल्या फायरबॉलमध्ये.

(दृश्य: चार जण होडी उताणी करतात. ट्रान्समची आतली बाजू.)

वर्गाचा, म्हणजे एकाच आराखड्याच्या होड्यांमधला, क्रमांक बऱ्याचदा लाकडात कोरलेला असतो, ट्रान्समच्या आतून किंवा कण्यावरच्या लाकडी पट्टीवर. वर रंगाचे थर चढलेले असतात. टॉर्च समोरून मारली तर काहीच दिसत नाही. ती फळीला जवळपास टेकवून आडवी धरायची, म्हणजे खाचेत सावली पडते. मग ट्रेसिंग पेपर चिकटवून पेन्सिलीचं शिसं हलक्या हातानं, आडवं धरून फिरवायचं. उमटले. पुढचे आकडे वाचता येतात, शेवटच्यातून मात्र नंतर बसवलेला स्क्रू आरपार गेलाय. स्क्रू काढून खाचेचा उरलेला भाग बघायचा.

शिडावरचा नंबर पुरावा म्हणून धरू नका. शिडं एका होडीवरून दुसरीवर सहज जातात.

सांध्यांतला डिंक काळपट तांबूस दिसला तर तो रिसॉर्सिनॉल, ओल सोसणारा. फिका पांढुरका डिंक ओलीनं सुटतो. तिथं पेचकसाच्या मुठीनं ठोकलं की आवाज बद्द येतो. पितळी स्क्रू गुलाबी पडला असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय. फिरवायला गेलात तर डोकं तुटून हातात येईल.

क्रमांक हाती आला की वर्गाच्या संघटनेकडे जुन्या नोंदीची चौकशी करता येते. दुरुस्तीचा निर्णय त्यानंतर.

तोवर होडी पुन्हा पालथी करून ठेवा. घोडे आतल्या आडव्या फळ्यांच्या रेषेत घ्या, हवेच्या टाक्यांची झाकणं उघडी ठेवा, आणि पावसाळ्याआधी घोड्यांच्या पायांशी वाळवी लागली आहे का ते बघा.