स्टेजआधीचा हिशेब

(दृश्य : लहानशी खोली. टेबल, खुर्ची, यंत्राच्या वायरी.)

ती नॅचरल, म्हणजे उत्तेजक औषधांशिवायच्या, बॉडीबिल्डिंग स्पर्धेत पहिल्यांदाच उतरते आहे. स्पर्धेच्या आधी तिला या खुर्चीत बसावं लागेल. छातीभोवती आणि पोटाभोवती श्वास टिपणारे पट्टे, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांच्या टोकांना घाम ओळखणाऱ्या चकत्या. मग एकेक प्रश्न. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड घेतलंय का? ग्रोथ हार्मोन? क्लेनब्युटेरॉल? उत्तर फक्त हो किंवा नाही. काही संघटना मागच्या ७ वर्षांचं विचारतात, काही १० वर्षांचं.

खरं बोलणाऱ्या माणसाचंही काळीज अशा वेळी धडधडतं, त्यामुळे नुसत्या पॉलिग्राफवर, म्हणजे खोटं पकडणाऱ्या या यंत्रावर, विसंबता येत नाही. म्हणून जोडीला लघवीची उत्तेजक चाचणी असते. नॅचरल बॉडीबिल्डिंगचा दरवाजा हा असा आहे, आणि तो असाच कडक असावा.

या एका नियमामुळे तयारीचं सगळं गणित बदलतं. औषधांचा टेकू नसला की स्नायू सावकाश चढतात, आणि डाएटमध्ये घाई केली तर लवकर उतरतात. पहिल्यांदाच स्टेजवर जाणाऱ्या स्त्रीकडे म्हणूनच सगळ्यात आधी वेळ हवा. डाएट, कोच, पोशाख हे सगळं त्यानंतर.

(दृश्य : जिम. स्क्वॉटचा सेट चालू आहे.)

स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या सुमारे पंधरा-वीस पटींनी कमी असतं. तरीही व्यायामाने तिची ताकद आणि स्नायू ज्या प्रमाणात वाढतात ते प्रमाण पुरुषांच्या जवळपासच असतं. सुरुवात कमी स्नायूंपासून होते, एवढंच. त्यामुळे खांदे, पाठ, मांड्या जे काही घडवायचं ते डाएट सुरू होण्याआधीच्या काळात, पोटभर खाऊन घडवावं लागतं. चरबी उतरायला लागली की खाली जे असेल तेच दिसतं.

विभाग कोणता निवडायचा, हेही याच काळात ठरतं. १९८० साली फिलाडेल्फियात पहिली मिस ऑलिंपिया झाली आणि रेचल मॅक्लिश जिंकल्या, तेव्हा स्त्रियांसाठी तिथे एकच विभाग होता. त्याच स्पर्धेत फिगर २००३ मध्ये आला, बिकिनी २०१० मध्ये, विमेन्स फिजिक २०१३ मध्ये. नॅचरल संघटनांतही साधारण असेच विभाग दिसतात. बिकिनीत प्रमाणबद्धता आणि गोलाई बघतात, शिरा दिसेपर्यंत चरबी उतरवण्याची अपेक्षा नसते. फिगरमध्ये पाठीची रुंदी लागते. फिजिकमध्ये स्नायू जास्त, चरबी आणखी कमी, आणि हाय हील्सऐवजी अनवाणी उभं राहायचं. पहिल्या वेळी असा विभाग घ्यावा जो आपल्या बांध्याला शोभतो आणि शरीराला फार टोकाला नेत नाही. आवडत्या खेळाडूचा विभाग आपला असेलच असं नाही.

आता कटिंग, म्हणजे स्पर्धेआधी चरबी उतरवण्याचा टप्पा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, याहून वेगाने उतरू नये. ६० किलोच्या स्त्रीला हे ३०० ते ६०० ग्रॅम होतं. आठ किलो उतरवायचे आणि आठवड्याला ४०० ग्रॅम धरले, तर २० आठवडे झाले. त्यात आजारपण, कामाची गडबड आणि मुद्दाम घेतलेले विश्रांतीचे आठवडे मिळवले की सहा महिने सहज लागतात. बारा आठवड्यांत तयार करून देतो असं म्हणणाऱ्याला आधी हे गणित मांडून दाखवायला सांगावं.

वजनं मात्र जड तशीच ठेवायची. कटिंग आहे म्हणून हलकी वजनं आणि ढीगभर रेप्स (पुनरावृत्ती), हा सल्ला अजून फिरतो. ज्या ओझ्याने स्नायू घडला, तेच ओझं त्याला टिकवतं.

(दृश्य : वहीचं पान. पेनाने लिहिलेले आकडे.)

ही तिची वही. रोज सकाळचं वजन. ५७.८. मग ५८.४. मग ५९.१. चार दिवसांत १ किलो ३०० ग्रॅम वर. खाण्यात एका घासाचा फरक नाही. शेवटच्या आकड्याखाली पेन इतकं दाबलंय की कागद फाटायला आलाय.

हिशेब करून बघू. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. एवढी चरबी चढायला चार दिवसांत दहा हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागल्या असत्या. तसं काहीही झालेलं नाही. पाळी चार दिवसांवर आली आहे, आणि शरीराने पाणी धरलं आहे. पुष्कळ जणी नेमक्या याच दिवसांत घाबरून जेवण कापतात, कार्डिओ वाढवतात आणि आधीच थकलेल्या शरीराला आणखी पिळतात. पुरुषांसाठी लिहिलेल्या तक्त्यांत हा आठवडा नसतोच. उपाय सोपा आहे: आजचं वजन कालच्याशी ताडायचं नाही, मागच्या पाळीच्या याच दिवसाशी ताडायचं. तसं ताडलं तर तिचं वजन दीड किलोने उतरलेलं आहे.

आणि पाळी आलीच नाही तर?

इथे आम्हाला थांबून बोलायचं आहे. ‘पाळी गेली म्हणजे डाएट लागू पडलं’ असं वाक्य कित्येक जिममध्ये कौतुकाने बोललं जातं. ते थांबलं पाहिजे. व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा करून शरीराच्या रोजच्या कामांना जे उरतं, ते चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे ३० कॅलरींच्या खाली बराच काळ राहिलं की शरीर काटकसर सुरू करतं. असं वजन ४८ किलो असेल तर ही रेषा १,४४० कॅलरींवर येते. काटकसरीत प्रजननसंस्था लवकर बंद पडते. इस्ट्रोजेन घटतं, आणि त्याबरोबर हाडांची झीज वाढते. हात-पाय गार पडतात, झोप उडते, जखमा लवकर भरत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस (रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट) हे नाव दिलं, आणि ती पुरुषांतही होते असं सांगितलं. स्त्रीला मात्र दर महिन्याला एक खूण मिळते. ती खूण वाचायची.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्पर्धकेला ही खूणही मिळत नाही. गोळ्यांचं पाकीट संपल्यावर होणारा रक्तस्राव हार्मोन थांबवल्यामुळे होतो. त्यावरून आपलं चक्र शाबूत आहे असं धरता येत नाही. तिने झोप, ताकद, अंगातली ऊब यांवर जास्त लक्ष ठेवावं, आणि तयारीच्या आधी, मध्ये आणि नंतर रक्ततपासणी करून घ्यावी. ज्यांची पाळी सलग तीन महिने आली नाही, त्यांनी कोचला विचारत बसू नये, थेट डॉक्टरकडे जावं.

डॉक्टरकडे गेल्यावर आणखी एक गोष्ट सांगायची: मी उत्तेजक चाचणी होणाऱ्या स्पर्धेत उतरते आहे. मुरुमांसाठी किंवा पीसीओएसमध्ये नको असलेल्या केसांसाठी स्त्रियांना स्पिरोनोलॅक्टोन हे औषध सर्रास दिलं जातं. ते मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारं, आहे, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत मूत्रल औषधांवर बाराही महिने बंदी आहे. त्वचेसाठी घेतलेली साधी गोळी चाचणीत अडकवू शकते. म्हणून औषधांची यादी संघटनेला आधीच लेखी कळवायची आणि उत्तरही लेखीच घ्यायचं. पावडरींचंही तेच. क्रिएटिन चालतं, कॅफिन वाडाच्या बंदी यादीत नाही. पण डब्यात लेबलाबाहेरचं काही मिसळलेलं असू शकतं, म्हणून बाहेरच्या प्रयोगशाळेने बॅच तपासलेलंच उत्पादन घ्यावं.

(दृश्य : आरशासमोर पोझिंग. कॅमेरा पायांवर, मग खांद्यांवर.)

पोझिंगला लोक शेवटच्या महिन्यात हात घालतात. फार उशीर होतो. हा क्वार्टर टर्न बघा. टाच उचलून नव्वद अंशात वळायचं, कंबर आत, छाती वर, पाठीचे पंख उघडे, आणि हे करताना खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत. तिचे खांदे चढताहेत. कोचने दोन बोटं मानेच्या मुळाशी ठेवली आहेत, खांदे खाली येईपर्यंत ती बोटं तिथून हलत नाहीत. डावी पोटरी थरथरते आहे. चेहऱ्यावर हसू हवं, आणि पोट आत असतानाच श्वास चालू हवा. परीक्षक तुलनेसाठी पुन्हा पुन्हा बोलावतात, आणि रांगेत मागे उभं असतानाही त्यांची नजर असतेच. डाएटच्या पहिल्या दिवसापासून रोज पंधरा मिनिटं दिली, तरच हे अंगात मुरतं.

शेवटचा आठवडा. या आठवड्याबद्दल जितके किस्से तितके प्रकार, आणि त्यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे पाणी तोडणं. ग्लायकोजेनच्या, म्हणजे स्नायूत साठवलेल्या कर्बोदकाच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर स्नायूत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. पाणी तोडलं की भरलेला स्नायू सपाट पडतो, वर चक्कर आणि पेटके. पहिल्या स्पर्धेत पाणी आणि मीठ नेहमीइतकंच ठेवावं, कर्बोदकं थोडी वाढवावीत, आणि तेही महिनाभर आधी एकदा करून पाहिलेलं असावं.

टॅनचं, म्हणजे त्वचेला गडद रंग देणाऱ्या लेपाचं, काम आदल्या दिवशीच सुरू होतं. त्यातलं डीएचए (डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन) त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी जुळून तपकिरी रंग देतं. प्रखर दिव्यांखाली सावल्या पुसल्या जातात, त्या या रंगामुळे परत उठून दिसतात.

(दृश्य : स्पर्धेनंतरची सकाळ. उघडी पडलेली बॅग.)

आता ती तयारी, जी जवळपास कोणीच करत नाही. फिनलंडमधल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ स्त्री स्पर्धकांचं डाएट आणि त्यानंतरचे तीन-चार महिने तपासले. डाएटमध्ये लेप्टिन, इस्ट्रॅडिओल, थायरॉइडचं टी-३ आणि टेस्टोस्टेरॉन घटलं. नंतरच्या काळात बरंचसं मूळ पातळीवर आलं, पण टी-३ आणि टेस्टोस्टेरॉन तेव्हाही कमीच होतं. लेप्टिन खाली म्हणजे भूक आवरत नाही. या दिवसांत स्वतःला नावं ठेवणाऱ्या मुलींना आम्हाला सांगायचंय, की तुमच्यात काही कमी नाही. शरीर स्वतःला वाचवतंय. त्यामुळे स्पर्धेनंतरच्या तीन महिन्यांचा आहार स्पर्धेआधीच लिहून ठेवावा, आणि वजन वर जाणार हे त्यात मान्य केलेलं असावं.

परीक्षकांकडून अभिप्राय मागता येतो. तिने मागितला. कंबर आणि पाय ठीक, पाठीचा वरचा भाग आणि खांद्यांची मागची बाजू अपुरी. म्हणजे आता वर्षभर पोटभर खाऊन जड रोइंग आणि पुल-अप्स. पुढच्या स्पर्धेचा अर्ज ती पाळी सलग तीन महिने वेळेवर आल्यावर भरणार आहे.