लाल शिक्का

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा खाली आला. जपानीच्या परीक्षा देऊन देऊन पोराला एकदाची नोकरी लागली आहे, चिबाला, दोन वर्षांसाठी. मी तिकडे आठ वर्षं काढलेली, त्यामुळे बिल्डिंगमधून जपानला निघालेलं प्रत्येक जण आधी माझ्या दारात येतं. मला वाटलं, कुकर न्यायचा का, तूरडाळ मिळते का, असलं काहीतरी विचारेल. तर म्हणाला, "काका, मला तिथे तलवार शिकायचीय. जुनी, खरी विद्या. गुरू कसा शोधायचा?"

मी म्हटलं, बस. चहा टाकतो.

जपानी लोकांची एक म्हण आहे. तीन वर्षं शिकण्यात घालवण्यापेक्षा तीन वर्षं गुरू निवडण्यात घालवावीत. पोरगं चाललंय दोनच वर्षांसाठी. हिशेब लगेच लक्षात आला त्याच्या, चेहराच पडला बिचाऱ्याचा.

आधी थोडं व्याकरण सांगतो. थोडंच, रेडिओ बंद करू नका. जपानी युद्धविद्यांचे ढोबळमानाने दोन ढीग करायचे आणि मधली रेघ ओढायची १८६८ सालावर. त्या साली सामुराईंचं राज्य संपलं. त्याआधीच्या घराण्यांना म्हणतात कोऱ्यू, म्हणजे जुने प्रवाह. नंतरच्या ढिगात ज्यूडो, केंदो, आयकिदो, आणि आपल्याकडे गल्लोगल्ली असतं ते कराटे. काळा पट्टा, पहिला दान, दुसरा दान (दान म्हणजे पायरी, आपलं दानधर्मातलं नव्हे) हे सगळं ह्या दुसऱ्या ढिगातलं. जिगोरो कानो ह्यांनी १८८२ मध्ये ज्यूडोची कोदोकान संस्था काढली आणि १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिला दान दिला. पट्टा काळा झाला तो त्याच्याही नंतर. म्हणजे बघा, ज्याला आपण हजारो वर्षांची परंपरा समजून हात जोडतो, तो दान टिळकांच्या 'केसरी'पेक्षा दोन वर्षांनी लहान आहे!

जुन्या घराण्यांत मुळात दान नाही. तिथे गुंडाळ्या असतात कागदाच्या. आधी मोकुरोकु, म्हणजे काय काय शिकलात त्याची यादी. मग मेन्क्यो, म्हणजे परवाना. आणि सगळ्यात शेवटी मेन्क्यो कायदेन, म्हणजे घराण्यातलं होतं नव्हतं ते सगळं दिलं. प्रत्येक घराण्याच्या पायऱ्या वेगळ्या, नावं वेगळी. गाणं ऐकणाऱ्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. आपण कुठल्याही नव्या गायकाबद्दल पहिलं काय विचारतो? तालीम कुणाची?

तालीम कुणाची. आज मला एवढंच सांगायचंय, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

कारण केंदोसारख्या आधुनिक विद्येत महासंघ असतो, दप्तर असतं, नाव तपासता येतं. केंदोच्या आठव्या दानाला बसायचं तर वय किमान ४६ लागतं, सातवा दान मिळून दहा वर्षं झालेली लागतात, आणि एवढं करून शंभरात एखादाच पास होतो. तिथे थापा मारणं अवघड. जुन्या घराण्यांचं असं एक सरकारी दप्तर नाही. त्यात महायुद्ध हरल्यावर अमेरिकनांनी ह्या विद्यांवर बंदी घातली, १८९५ पासून चालत आलेली बुतोकुकाई ही देशभरची संस्था १९४६ मध्ये मोडीत निघाली, कितीतरी धागे तुटले. आणि जिथे धागा तुटतो तिथे गाठ मारणारे खूप येतात.

असो. आता माझी गोष्ट. ही मी कुठल्याही निमित्ताने सांगतो असं घरचे म्हणतात. आज तर निमित्त खरंच आहे.

मी सतरा वर्षांचा असताना आमच्या गावात मला काळा पट्टा मिळाला. कराटे-अधिक-तलवार-अधिक-लाठी असा एकत्र क्लास होता, शाळेच्या मैदानावर, पहाटे साडेपाचला. सर मनाने वाईट नव्हते हं. त्यांनी आम्हाला पळवलं, पडायला शिकवलं, विड्या सोडायला लावल्या. पण परीक्षा दर तीन महिन्यांनी आणि परीक्षेची फी वेगळी. शेवटी जे सर्टिफिकेट मिळालं ते काय सांगू! जाड कागद, सोनेरी किनार, उडता ड्रॅगन, आणि खाली ओळीने चार लाल शिक्के, जपानी अक्षरांतले. आईने फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं, दत्ताच्या तसबिरीशेजारी.

पुढे मी जपानला गेलो तेव्हा त्याची रंगीत झेरॉक्स बरोबर नेली होती. म्हटलं, कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

आमच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरचा मेहुणा एका ठिकाणी जोदो शिकायला जायचा. जो म्हणजे काठी, आपल्या 'जो तो'मधला जो नव्हे. १२८ सेंटीमीटरची, पांढऱ्या ओक लाकडाची, अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात मावेल एवढी. शिंतो मुसो-ऱ्यू असं त्या घराण्याचं नाव, मूळ फुकुओकाचं, चारशे वर्षांचं. त्या मेहुण्याने आधी जाऊन माझ्याबद्दल सांगितलं, मग पंधरा दिवसांनी मला बोलावणं आलं. तिकडे असं उठून थेट दार वाजवत नाहीत. कुणीतरी नेऊन उभं करावं लागतं.

गेलो. घरामागे पत्र्याचं छप्पर घातलेली शेड, पूर्वी शेतीची अवजारं ठेवायचे म्हणे. आत लाकडी जमीन, आणि एक म्हातारेसे गृहस्थ ओणवे होऊन ओल्या फडक्याने ती जमीन पुसत होते. मी सिनेमे पाहिलेले! मी ओळखलं, हेच गुरू. कमरेत वाकून असा काही नमस्कार ठोकला की ते घाबरून उभेच राहिले. ते सगळ्यात नवे विद्यार्थी होते, निवृत्त झाल्यावर नाव घातलेले. सेन्सेई, म्हणजे गुरुजी, दहा मिनिटांनी आले, स्कूटरवर, पुढच्या जाळीत कांद्याच्या पातीसारखी ती लांबच लांब नेगीची जुडी. हयात पोस्टात गेलेले. अंगात स्वेटर.

मला बसायला सांगितलं. बसायचं म्हणजे वज्रासनात. आता इथे एक बोलून घेतो, विषय सोडून आहे, पण बोलतो. आपल्या घरांत डायनिंग टेबल शिरलं आणि आपले गुडघे गेले. पाटावर बसून जेवणाऱ्या आमच्या आजीला नव्वदाव्या वर्षी जमिनीवरून उठायला हात टेकावा लागत नव्हता. मी तिथे विसाव्या मिनिटाला भिंतीचा आधार शोधत होतो. असो.

तर सेन्सेईंनी विचारलं, "आधी काही शिकला आहात?" मी त्याचीच वाट बघत होतो. पिशवीतून झेरॉक्स काढली आणि दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचली. शिक्क्यांपाशी थांबले. मग विचारलं, "तुमचे सेन्सेई कोण?" मी नाव सांगितलं. "त्यांचे सेन्सेई कोण?"

श्रोतेहो, मला उत्तर येत नव्हतं. सर जपानहून शिकून आले एवढंच आम्ही ऐकलेलं. कुणाकडून, कुठल्या गावात, किती वर्षं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही. साडी घेताना हातमाग का यंत्रमाग हे चारदा विचारणारी माणसं आपण!

सेन्सेई हसले नाहीत, काही बोलले नाहीत. कागद नीट जुळवून दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाले, "आज बघा."

तालीम संपल्यावर तिथल्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनी, दाताच्या दवाखान्यात काम करायच्या त्या बाई, माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "रागावू नका, पण तो कोपऱ्यातला चौथा शिक्का तुम्ही कधी वाचलात का?" खरं सांगतो, तोवर मला पाचएकशे कांजी येत होत्या, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं. पण भिंतीवरची रोजची वस्तू आपण कधी वाचतो? झेरॉक्स उजेडात धरली आणि वाचलं.

ऱ्योशू-झुमि.

कुठल्याही जपानी दुकानात बिलावर मारतात तो शिक्का. रक्कम पावली.

कुण्या छापखानेवाल्याने कुठल्याशा जपानी पावतीवरून सुंदर दिसला म्हणून उचलला असणार. माझ्या काळ्या पट्ट्यावर, ड्रॅगनच्या शेपटीखाली, लाल शाईत: रक्कम पावली. मला आधी घाम फुटला आणि मग स्टेशनपर्यंत मी एकटाच हसत गेलो. म्हटलं, त्या अख्ख्या कागदावर तेवढं एकच वाक्य खरं आहे.

दोन महिने नुसतं बघितलं. मग त्यांनी घेतलं. महिन्याची फी किती? तीन हजार येन. तेवढ्यात तिकडे दोघांचं जेवण होतं. परीक्षेचं नाव सहा महिन्यांत कुणी काढलं नाही. भिंतीवर लाकडाच्या पट्ट्या टांगलेल्या, एकेका पट्टीवर एकेक नाव, उजवीकडून डावीकडे. पहिल्या नावाबद्दल विचारलं तर सेन्सेई म्हणाले, हे माझे गुरू. त्यांचं गाव सांगितलं, त्यांच्या गुरूंचं नाव सांगितलं, त्यांच्याकडे किती वर्षं आणि कुठल्या सालापासून, तेही सांगितलं. एका दमात, आपण गोत्र सांगतो तसं.

आणि आता मुद्द्याचं. तिसऱ्या वर्षी मला हुक्की आली कुसारिगामा शिकायची. साखळी लावलेला विळा असतो तो, साखळीच्या टोकाला वजन. काठीच्या ह्याच घराण्याबरोबर तोही शिकवतात. सेन्सेईंना तो चालवताना मी स्वतः पाहिलं होतं, काय हात होता! म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, "मी शिकलोय. शिकवायची परवानगी नाही मला."

पुन्हा सांगतो. शिकलोय, शिकवायची परवानगी नाही.

सत्तरीचा माणूस. विचारायला येणार कोण होतं त्या शेडमध्ये? पण मग म्हणाले, "माझे गुरू फुकुओकाला आहेत. त्यांना पत्र लिहितो. ते हो म्हणाले तर तिकडे जा." पत्र लिहिलं. उत्तर यायला चार महिने लागले आणि उत्तर आलं, "अजून काठीच नीट होऊ दे." झालं!

तर वरच्या मजल्यावरच्या मुलाला मी काय सांगितलं, ते पटकन सांगतो, वेळ संपत आली आहे. दरवर्षी ३ नोव्हेंबरला तोक्योच्या मेइजी देवस्थानात जुन्या घराण्यांची प्रात्यक्षिकं असतात. जा, दिवसभर बघ, कुठल्या घराण्यापाशी पाय थबकतात ते बघ. तू चिबाला चाललायस, तर कातोरी तिथेच आहे. पंधराव्या शतकापासून चालत आलेलं तलवारीचं घराणं, प्रवेश घेताना बोटाच्या रक्ताने शपथेवर खूण करायची तिथली रीत. हौस म्हणून जाऊ नकोस. ओळखीचं माणूस गाठून जा. नुसतं बघू देतात का ते बघ. जिथे पहिल्याच दिवशी फॉर्म आणि ड्रेसची किंमत पुढे येते तिथून चहा पिऊन परत ये. स्वतःला ग्रँडमास्टर म्हणवणारा भेटला तर चहाही पिऊ नकोस. जपानीत स्वतःच्या नावापुढे स्वतः सेन्सेई लावणंसुद्धा असभ्य समजतात, आणि आपल्याकडे गाडीच्या मागच्या काचेवर लिहितात!

आणि विचार. नम्रपणे, ओळख झाल्यावर, पण विचार. तुमचे गुरू कोण? त्यांचे कोण? आणि तुमचे गुरू हयात असतील तर ते आज तुम्हाला ओळखतात का? भांडून बाहेर पडून स्वतःचं घराणं काढणारे तिकडेही पैशाला पासरी आहेत. खऱ्या माणसाला हा प्रश्न लागत नाही. तो बसवून घेतो आणि सांगत सुटतो, कारण त्याला तेवढंच सांगायला आवडतं.

मुलगा म्हणाला, "काका, आणि ते तुमचं सर्टिफिकेट?"

ते आहे की. गावी, दत्ताच्या शेजारी, तसंच. आई दर गुरुवारी दोन्ही फ्रेमा ओल्या फडक्याने पुसते. मी कायमचा परत आलो त्या वर्षी तिने पुसता पुसता विचारलं, "इतकी वर्षं राहिलास, आता तर वाचता येत असेल. ह्या लाल शिक्क्यात काय लिहिलंय रे?"

मी म्हटलं, "पावलं."

आईने फडकं खाली ठेवलं आणि फ्रेमला हात जोडले.