मशीद बंदर: नावातली मशीद नेमकी कुठली?

नमस्कार मंडळी! आपण उभे आहोत मशीद स्टेशनच्या वेस्टला, मागे हातगाडीवाल्यांचं 'ए बाजू, बाजू' चाललंय, तेव्हा आवाजाचं जरा सांभाळून घ्या.

आता मशीद बंदर म्हटलं की कुणालाही वाटणार की इथल्या एखाद्या मशिदीवरून नाव पडलं असेल. पण ही 'मशीद' म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग! 1796 साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं, शार हारहमीम त्याचं नाव, आणि आपले बेने इस्रायली लोक, म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावात ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, घरात अस्सल मराठी बोलणारे, ते या सिनेगॉगला सरळ 'जुनी मशीद' म्हणायचे. तेच स्टेशनला चिकटलं. आडनाव बघा ना, दिवेकर, म्हणजे दिवे गावचे! कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, तिथून जिवंत सुटले आणि मग हे प्रार्थनास्थळ बांधलं असं सांगतात. आपण ज्या सॅम्युअल स्ट्रीटवरून सुकामेवा घेतो ना, तो सॅम्युअल म्हणजे हेच. रस्त्यावर त्यांची माहिती देणारी एक मोठी पाटी हवी असं मला मनापासून वाटतं.

बरं, मग बंदर कुठंय? तर समुद्र पूर्वी बराच आत होता, चिंचबंदर, वाडीबंदर, कर्नाक बंदर इथे खरंच मचवे लागायचे, पुढे भराव पडत गेले, 1880 ला प्रिन्सेस डॉक सुरू झाला आणि ही सगळी बंदरं आत गल्लीबोळात राहिली. मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं, माल उतरला की पहिला हिशोब तिथे. भातबाजार तर सांगायलाच नको. तिथे केशवजी नाईकांची 1876 ची पाणपोई आहे, वर घड्याळाचा टॉवर, आणि बाहेरचा रस्ता पण त्यांच्याच नावाचा, नक्की बघून या.

काही नावं मात्र मुद्दाम बदलली. गोदीला लागून जातो तो पी. डिमेलो रोड आधी फ्रियर रोड होता, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या नावाचा. प्लॅसिड डिमेलो हे गोदी कामगारांचे पुढारी, आणि गोदीच्या भिंतीलगतच्या रस्त्याला त्यांचंच नाव दिलं, हा बदल मला तरी एकदम पटतो.

तुमच्या एरियातल्या एखाद्या गल्लीच्या नावामागची गोष्ट माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, पुढचा व्हिडिओ त्यावरच करू.