मडकं एक, पुस्तकं तीन

[दृश्य: पडद्यावर इंटरनेट आर्काइव्ह, जुन्या पुस्तकांचं मोफत ऑनलाइन ग्रंथालय. शोधाच्या चौकटीत अक्षरं उमटतात: गोल्ड कोस्ट.]

निवेदन:
आफ्रिकेतल्या लोककथांची जुनी सचित्र पुस्तकं ऑनलाइन ग्रंथालयांत शोधायची, तर आजचा नकाशा बाजूला ठेवावा लागतो. घाना स्वतंत्र झाला १९५७ साली. त्याआधी छापलेल्या पुस्तकांत तो 'गोल्ड कोस्ट' या नावानं सापडतो.

[दृश्य: शीर्षकपान, १९१७.]

हे 'वेस्ट आफ्रिकन फोक-टेल्स'. कथा गोळा केल्या डब्ल्यू. एच. बार्कर आणि सेसिलिया सिंक्लेअर यांनी, चित्रंही सिंक्लेअरबाईंची. ज्यांच्या तोंडून या कथा आल्या, त्यांचं नाव या पानावर नाही. म्हणून पुस्तक उघडलं, की आधी शीर्षकपान वाचावं. कथेवर कुणाचा हात फिरला आहे, ते तिथं कळतं.

आत आनान्सी आहे. आठ पायांचा कोळी म्हणा, माणूस म्हणा, तो दोन्ही असतो. जगातलं सगळं शहाणपण त्याच्यापाशी. लोकांनी दुखावलं म्हणून त्यानं ते एका मडक्यात कोंडलं, मडकं गळ्यात अडकवलं आणि उंच झाडावर चढू लागला. मडकं पोटाशी लोंबतंय, पाय वर सरकेना. मागोमाग आलेला मुलगा, क्वेकू त्सिन, खालून म्हणाला, "बाबा, मडकं पाठीवर घ्या ना!" सगळं शहाणपण मडक्यात, मग पोराकडे हे कुठून आलं? संतापून आनान्सीनं मडकं फेकलं. ते फुटलं, आणि शहाणपण जगभर पसरलं.

[दृश्य: दुसरं शीर्षकपान, १९३०.]

तेरा वर्षांनी रॅट्रे या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाचा, तिथल्या अकान-अशांती लोकांच्या कथांचा संग्रह ऑक्सफर्डहून निघाला. समोरासमोरच्या पानांवर मूळ त्वी भाषा आणि इंग्रजी. चित्रं गोल्ड कोस्टमधल्याच चित्रकारांची. शीर्षकपानावर त्यांची नावं मात्र नाहीत, नुसतं 'आफ्रिकन' म्हटलंय. हे खटकतं. तरीही हा संग्रह मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात कथेची भाषा शाबूत आहे. सांगणाऱ्याची रीतसुद्धा: आपली कहाणी 'साठा उत्तरांची, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' होते, तसा तिथला माणूस शेवटी म्हणतो, की गोष्ट गोड लागो न लागो, थोडी घेऊन जा, थोडी माझ्याकडे परत येऊ द्या.

[दृश्य: रंगीत मुखपृष्ठ. झाडावर आनान्सी.]

आणि हे आपल्या काळातलं, दक्षिण आफ्रिकेतून चालणाऱ्या 'आफ्रिकन स्टोरीबुक' या प्रकल्पाचं. पुस्तकं मोफत, मुलांसाठी, आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांत. चित्रकार वीहान द याखर. लेखकाच्या जागी लिहिलंय, 'घानाची लोककथा'. इथं शहाणपण आनान्सीचं स्वतःचं नाही. आकाशातल्या न्यामे देवानं ते मातीच्या मडक्यातून त्याला दिलंय. मडकं फुटल्यावर लोक शेती शिकतात, कापड विणतात, लोखंडाची अवजारं घडवतात. गोष्ट तीच, पण आता त्यात शेतकरी, विणकर, लोहार आले.

[दृश्य: स्टोरीवीव्हरचं पान, भाषांची यादी, त्यात मराठी.]

आफ्रिकन स्टोरीबुकची पुस्तकं 'प्रथम बुक्स' या भारतीय प्रकाशनसंस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या ऑनलाइन ग्रंथालयातही आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात परवाना खुला आहे: चित्रं तशीच ठेवून कुणीही आपल्या भाषेत मजकूर लिहावा, मूळ नावं मात्र गाळू नयेत. नव्या पुस्तकात लेखक आणि चित्रकारासोबत भाषांतर करणाऱ्याचंही नाव येतं.